उघड्या छताची गाडी ट्रॅकवर नेताय? आधी अंगणात हे मोजून घ्या

जळगावहून गाडी ट्रेलरवर चढवली, हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून तमिळनाडूतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर पोचलो, आणि सकाळी साडेसहाला तपासणीच्या रांगेतच माझा दिवस संपला. तपासनिसाने मला हेल्मेट घालून सीटवर बसवलं, पट्टा आवळायला लावला आणि एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी आणली. तिचं मागचं टोक सीटमागच्या कमानीवर ठेवलं, पुढचं टोक समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकवायला गेला. पट्टी टेकेचना. मध्ये माझं हेल्मेट आडवं येत होतं. त्याने दोनदा मोजलं, मान हलवली आणि फॉर्मवर फुली मारली.

त्याचं बरोबरच होतं. गाडी उलटली असती तर जमिनीला आधी माझं डोकं लागलं असतं, कमान नंतर. हेच मोजमाप घरच्या अंगणात दहा मिनिटांत झालं असतं. ट्रेलरचं भाडं, चार दिवसांची रजा, भरलेली फी, सगळं वाचलं असतं. पण मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. आता माझ्या ओळखीतल्या तिघांनी जळगाव-धुळ्यात जुन्या कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या छताच्या गाड्या, घेतल्यात आणि तिघांनाही ट्रॅकवर जायचंय. त्यांना फोनवर जे तुकड्या-तुकड्यात सांगतोय, ते इथे एका जागी लिहितो.

आधी हे समजून घ्या: गाडी उलटते कुठे

"एवढी ठेंगणी गाडी कशी उलटेल?" हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलाय. सपाट डांबरावर ती सहसा उलटत नाही, हे खरं. हिशोब सोपा आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. अंतर दीड मीटर आणि उंची अर्धा मीटर असेल तर उत्तर दीड येतं. साध्या टायरची डांबरावरची पकड या मापात एकच्या आसपास असते. म्हणजे गाडी उलटण्याइतका जोर लागायच्या आधीच टायर घसरतो आणि गाडी आडवी सरकत जाते.

डांबर सुटलं की मात्र हा हिशोब मोडतो. पावसाळ्यात चाळीसगाव-भडगावच्या बाजूला रस्त्याच्या कडेची काळी माती पाहिलीत ना? वाफसा नसलेल्या रानात चाक गेलं की ते घसरत नाही, रुततं. आडव्या सरकणाऱ्या गाडीचं चाक असं रुतलं की चाक जागेवर थांबतं आणि वरची गाडी पुढे जात राहते. ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवण्यासाठी खडीचा पट्टा असतो, पलीकडे गवत-माती असते, वळणाला उंच कर्ब (काँक्रीटची कड) असतो. गाडी तिथे सरळ गेली तर थांबते, आडवी गेली तर अडखळून पलटी घेते.

ट्रॅक्टरचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, ट्रॅक्टर पाटात किंवा बांधावरून उलटून चालवणारा खाली सापडल्याचं ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. सीटमागे भक्कम कमान आणि कमरेला पट्टा असेल तर माणूस त्या कमानीच्या आडोशाला राहतो. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरवर अशी कमान सक्तीची केली. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरवर दिसतं ते उन्हाचं छत, त्याचा उलटण्याशी काही संबंध नाही. कन्व्हर्टिबलचं कापडी छतही त्याच जातीचं: ऊन-पावसापुरतं. अमेरिकेत गाड्यांच्या टपाची ताकद तपासायचा जो नियम आहे, एफएमव्हीएसएस २१६, त्यातून कन्व्हर्टिबल गाड्या वगळलेल्याच आहेत. टपच नाही, तर तपासणार काय?

१. आयोजकाचा नियम लेखी मागवा

इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट असो, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे असो, की ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ट्रॅकचा मालक एक असतो आणि त्या दिवशीचा आयोजक बहुधा दुसरा. गाडी आत सोडायची की नाही हे आयोजकाच्या नियमांवर ठरतं, आणि ते नियम सारखे नसतात. फोनवर "हो हो, चालते कन्व्हर्टिबल" एवढ्यावर निघू नका. मी तसाच निघालो होतो. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर हे प्रश्न नेमके विचारा:

- कन्व्हर्टिबल घेता का? कंपनीची मूळ कमान चालते की वेगळा रोल बार (उलटलेल्या गाडीचं वजन पेलणारी भक्कम कमान) लागतो?
- अपघातात आपोआप वर येणारी कमान धरता का?
- पट्टीची चाचणी घेता का? पट्टीचं पुढचं टोक कुठे टेकवता, काचेच्या चौकटीवर की बोनेटकडच्या एखाद्या भक्कम भागावर?
- हेल्मेट आणि पट्टी यांत किती अंतर लागतं?
- छत बंद ठेवायचं की उघडं?
- शेजारी प्रशिक्षक बसणार असेल तर त्याच्या बाजूलाही हाच नियम आहे का?

पट्टी पुढे कुठे टेकते या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढची कुठलीच पायरी घेऊ नका. काचेची चौकट उंच असते, बोनेट खाली. टोक खाली गेलं की सगळी रेषा खाली येते आणि काल पास होणारा माणूस आज नापास होतो. काही आयोजक काचेची चौकट मानत नाहीत, कारण प्रत्येक गाडीची चौकट उलटल्यावर तग धरेलच असं नसतं.

२. आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

सीटमागे जे दिसतं ते चार प्रकारचं असतं.

एक, कंपनीने बसवलेली स्थिर कमान. पोर्शे बॉक्सस्टर, होंडा एस २००० यांत दोन्ही सीटमागे अशा कमानी मुळातच असतात. यांच्यावर बरेच आयोजक विचार करतात, पण उंचीची अट सुटत नाही. त्या कमानी सरासरी उंचीचा माणूस बिनहेल्मेट बसेल हे धरून केलेल्या असतात. हेल्मेटने डोक्याची उंची चार-पाच सेंटीमीटर सहज वाढते.

दोन, लपलेली कमान. गाडी कलतेय हे सेन्सरला कळलं की ती क्षणात वर येते. मर्सिडीजने १९८९ च्या एसएल गाडीत ही पद्धत आणली, तिथे कमान ०.३ सेकंदात उभी राहायची. नंतर अनेक कंपन्यांनी ती घेतली. रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम आहे. ट्रॅकवर मात्र बरेच आयोजक ती मोजत नाहीत, कारण तपासणीच्या वेळी ती दिसतच नाही आणि सेन्सर वेळेवर चालेल याची हमी तपासनीस देऊ शकत नाही. डॅशबोर्डवर तिचा इशारा-दिवा पेटलेला असेल तर ट्रॅकचा विचारच सोडा, आधी सर्व्हिसला न्या.

तीन, शोभेची कमान. ही सगळ्यात घातक, कारण ती बघून धीर येतो. स्टेनलेसची चकचकीत नळी, सीटमागे दोन गोल, खाली पातळ पत्र्याला दोन-दोन स्क्रू. तिला रोल बार म्हणूनच विकतात. हाताने धरून जोरात हलवा. गाडी न हलता फक्त कमान हलली तर काय ते समजा.

चार, काहीच नाही. १९८९ च्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये सीटमागे कमान नव्हतीच. अशा गाडीला रोल बार बसवल्याशिवाय ट्रॅक नाही.

जीप-जिप्सीवाल्यांसाठी दोन शब्द. २०२० नंतरच्या थारमध्ये कंपनीचाच नळ्यांचा पिंजरा असतो, पण गुरुत्वमध्य उंच असल्याने वरचा भागाकार ठेंगण्या गाडीपेक्षा खूपच कमी येतो. ही गाडी डांबरावरही उलटू शकते. वेगाच्या ट्रॅकवर ती नेऊ नये असं माझं मत आहे.

३. पट्टीची चाचणी घरी करा

लागणारं सामान: गवंडी प्लॅस्टर सारखं करायला वापरतात ती ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, दीड-दोन मीटरची. बांबू नको, तो वाकलेला असतो. मोजायची टेप. ट्रॅकवर घालणार तेच हेल्मेट, मित्राचं नाही. ट्रॅकवर घालणार तेच बूट आणि कपडे. आणि एक मदतनीस.

गाडी सपाट जागेवर उभी करा, छत उघडा. हेल्मेट घाला आणि सीट अशी लावा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, आणि खांदे सीटला टेकवून हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर येईल. पट्टा आवळा. ताठ बसा, नजर समोर.

आता मदतनिसाने पट्टीचं मागचं टोक तुमच्या डोक्यामागच्या कमानीच्या सर्वांत उंच जागी टेकवायचं. दोन वेगळ्या कमानी असतील तर तुमच्या बाजूचीच धरायची. पुढचं टोक आयोजकाने सांगितलेल्या जागी. पट्टी दोन्हीकडे टेकली की हेल्मेटचा माथा आणि पट्टीची खालची कड यांतलं अंतर मोजा. सर्रास मागितलं जाणारं अंतर दोन इंच, म्हणजे पाच सेंटीमीटर, असतं. काही ठिकाणी पट्टी नुसती हेल्मेटवरून मोकळी गेली तरी चालतं, पण तुम्ही दोन इंचच धरून चाला. गाडी उलटताना पट्टे ताणले जातात, सीटचा फोम दबलेला असतो तो सुटतो, आणि लटकलेलं शरीर टपाच्या दिशेने सरकतं. ते सरकणं या दोन इंचांतून वजा होतं.

अंदाजाला सोपं: आडवी धरलेली तीन बोटं पट्टी आणि हेल्मेटमध्ये सहज मावली पाहिजेत.

माझं पहिलं माप घरी आल्यावर मी घेतलं. उंची पाच फूट अकरा इंच. हेल्मेट रेषेच्या दीड सेंटीमीटर वर. पट्टी माझ्या वडिलांनी धरली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हिच्यात बसून महामार्गावर जात होतास?" मला उत्तर देता आलं नाही.

शेजारच्या सीटवरही हेच माप घ्या, आणि तिथे घरातला सर्वांत उंच माणूस बसवून घ्या. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी बरेच आयोजक प्रशिक्षकाशिवाय सोडत नाहीत, आणि तो किती उंच असेल हे तुमच्या हातात नाही.

इथले दोन खोटे उपाय लोक हमखास करतात. पहिला, सीटची पाठ मागे पाडून डोकं खाली आणणं. असं रेलून बसलं की धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटात रुततो. शिवाय तपासनीस तुम्हाला ताठ बसायला लावतोच. दुसरा, सीटचा फोम कापणं. कंपनीच्या सीटच्या बैठकीचा पुढचा उंचवटा त्याच घसरण्याला अडवायला दिलेला असतो. तो कापला की एक धोका टाळून दुसरा घरात आणलात.

४. थोडक्यात हुकत असेल तर

एक-दोन सेंटीमीटरचा प्रश्न असेल तर सीट सगळ्यात खालच्या खाचेत आहे का पाहा. विजेवर वर-खाली होणाऱ्या सीटची यंत्रणाच जागा खाते. खाली बसणारी स्थिर बकेट सीट लावली तर काही सेंटीमीटर मिळतात. हेल्मेटच्या मॉडेलागणिकही माथ्याची जाडी बदलते, दुकानात टेप घेऊन जा.

पाच-सहा सेंटीमीटरने हुकत असेल तर सीटने भागणार नाही. रोल बार हवा. किंवा ट्रॅकसाठी टपाची गाडी न्या आणि कन्व्हर्टिबल पाटणादेवीच्या रस्त्याला ठेवा. यात कमीपणा काहीच नाही, पहिल्या दोन-तीन ट्रॅक दिवसांना (शर्यत नाही, आपापली गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) तर मी हेच सुचवेन.

५. रोल बार बसवायचा असेल तर

तुमच्या मॉडेलसाठी नावाजलेल्या कंपनीचा, बोल्टने बसणारा तयार बार मिळत असेल तर तोच घ्या. महाग पडतो, बाहेरून मागवावा लागतो, तरी तोच घ्या. मिळत नसेल आणि इथेच बनवायचा असेल तर ही पायरी सावकाश वाचा. माझे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथेच गेले.

मी आमच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गेलो. गाडी पाहून त्याने विचारलं, "काय व्हयनं भाऊ, गाडीले गेट बसाडनं शे का?" त्याचा दोष नव्हता. त्याने आयुष्यभर गेट, ग्रिल आणि शेड केले होते आणि ते तो उत्तम करायचा. त्याने दीड इंची शिवणीचा पाइप काढला, वाळू भरून, तापवून वाकवला, जोड ग्राइंडरने घासून आरशासारखे केले. दिसायला अप्रतिम. त्यातलं जवळपास सगळं चुकीचं होतं, आणि ते का चुकीचं हे मला दुसऱ्या ठिकाणी, रॅलीच्या गाड्यांचं काम केलेल्या माणसाने पाइप कापून दाखवलं. वाकलेल्या जागी बाहेरच्या बाजूची जाडी निम्म्यावर आली होती.

मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयए, तिच्या नियमांतलं कलम २५३ पिंजऱ्याबद्दल आहे. ट्रॅक दिवसाला ते सक्तीचं असेलच असं नाही, पण फॅब्रिकेटरसमोर ठेवायला याहून चांगला कागद नाही. कामाच्या गोष्टी अशा:

*पाइप.* थंड ओढलेला, शिवण नसलेला, साध्या कार्बन स्टीलचा. ताण-क्षमता किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुख्य कमानीला बाहेरचा व्यास ४५ आणि जाडी २.५ मिलिमीटर, किंवा ५० आणि २. आधाराच्या नळ्यांना ३८ आणि २.५, किंवा ४० आणि २. गेटचा शिवणीचा पाइप नको, जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप नको (वेल्डिंगला जस्त जळून जोड पोकळ होतो), रेलिंगचं स्टेनलेस नको. जळगावात हा पाइप मला मिळाला नाही, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून मागवला. पाइपसोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते नसेल तर पाइप घेऊ नका.

*वाक.* न तापवता, यंत्रावर. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाकवल्यावर पाइप चपटा झाला असेल तर कमी आणि जास्त व्यासाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली जाता कामा नये. व्हर्नियरने स्वतः मोजा. सुरकुती दिसली तर तो तुकडा बाद. मुख्य कमान एकाच अखंड पाइपची हवी, मध्ये जोड नको.

*मागचे टेके.* नुसती उभी कमान म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. पुढून-मागून जोर आला की बुंध्यात मोडतो. म्हणून कमानीच्या वरच्या भागापासून मागे जाणारे दोन टेके लागतात, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांत. कन्व्हर्टिबलमधली खरी अडचण इथे येते: जिथून टेके जायला हवेत तिथेच छताची घडी बसते. बऱ्याच गाड्यांत टेके घातले की छत बंद होत नाही, आणि छत बंद व्हावं म्हणून कमान ठेंगणी केली की पट्टीच्या चाचणीत हुकते. माझ्या गाडीचं छत आता रोल बार असेपर्यंत बंद होत नाही. मी ते मान्य केलं.

*पाय.* कमान कितीही भक्कम असली तरी पातळ पत्र्यावर उभी केली तर उलटल्यावर गाडीचा तळ फोडून बाहेर जाते. प्रत्येक मुख्य पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्राची पट्टी हवी, म्हणजे साधारण दहा बाय बारा. दर पायाला किमान तीन बोल्ट, एम-८, डोक्यावर ८.८ कोरलेलं. गालिचा उचलून पत्रा पाहा, गंज असेल तर आधी तो काढून पत्रा बदला.

*वेल्डिंग.* पाइपच्या पूर्ण घेराला, आतपर्यंत उतरलेलं, शक्यतो मिग किंवा टिगने. गाडीत बसवल्यावर छताकडची बाजू वेल्ड करायला हात पोचत नाही म्हणून तीन बाजू करून चौथी सोडून देतात, त्यावर लक्ष ठेवा. आणि वेल्डची लाट घासून गुळगुळीत करू देऊ नका, घासलं की ताकदच घासली जाते. क्रोमचा मुलामाही नको. त्या प्रक्रियेत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. साधा रंग द्या.

काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. टाके (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारल्यावर, पूर्ण वेल्ड करायच्या आधी, स्वतः हेल्मेट घालून बसा आणि पट्टी पुन्हा लावा. टाके तोडणं सोपं आहे, पूर्ण झालेला बार बदलणं नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत. गाडी रस्त्यावरही चालवायची असेल तर काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. काढता येणारा, बोल्टचा बार मी निवडला त्याला आणखी एक कारण आहे. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही, आणि डोक्यामागे सहा इंचांवर उघडं लोखंड असेल तर साध्या मागच्या धडकेतही कवटी त्यावर आपटते. ट्रॅकचा बार ट्रॅकपुरता.

६. पट्टा, पॅडिंग, हेल्मेट

नवख्यांची सगळ्यात मोठी गल्लत सांगतो: आधी चार किंवा सहा टोकांचा रेसिंग पट्टा घेतात, रोल बारचं नंतर बघू म्हणतात. हे उलटं आहे. साध्या तीन टोकांच्या पट्ट्यात माणूस निदान बाजूला झुकू शकतो. रेसिंग पट्टा तुम्हाला ताठ खिळवून ठेवतो. वर कमान नसेल आणि गाडी उलटली तर तुमचं ताठ धरलेलं डोकंच आधी जमिनीवर आपटतं. रोल बार नाही तर रेसिंग पट्टा नाही. पट्टा अडकवायला सीटमागे जी नुसती आडवी दांडी विकतात, ती रोल बार नव्हे.

खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, हॅन्स (धडकेत मान सांभाळणारं खांद्यावरचं साधन) वापरणार असाल तर ० ते २० अंश खाली. सीटमागे गाडीच्या तळाला बांधले तर धडकेत मणका खाली दाबला जातो. पट्ट्यावर एफआयए ८८५३ चं लेबल आणि मुदतीची तारीख पाहा.

हेल्मेट मोटारसायकलचं नको. स्नेल एसए २०२० किंवा एफआयए ८८५९ असं लेबल असलेलं घ्या. एसए मालिकेत आगीची आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी असते. हेल्मेट लागू शकेल त्या प्रत्येक नळीवर एफआयए ८८५७ मानकाचं कडक पॅडिंग लावा. पाइपलाइनवर चढवतात तो मऊ काळा फोम बोटाने दाबला की थेट लोखंड लागतं, तो उपयोगाचा नाही.

७. छत आणि हात

छत बंद की उघडं हे आयोजक सांगेल तसं. बाजूच्या काचा बहुतेक ठिकाणी पूर्ण खाली ठेवायला सांगतात, म्हणजे मार्शलला (ट्रॅकवरच्या मदत कर्मचाऱ्याला) आत हात घालता येतो.

गाडी कलली की माणूस नकळत हात वर करतो, डोकं वाचवायला. उघड्या गाडीत तो हात बाहेर जातो आणि गाडी त्यावर पडते. म्हणून काही आयोजक हाताला बांधायचे पट्टे सक्तीचे करतात. हाताला बांधून दुसरं टोक पट्ट्याच्या बकलमध्ये जातं, हात स्टिअरिंगपर्यंत पोचतो, बाहेर जात नाही. सक्ती नसली तरी घ्या. आणि ते बांधून घरी उभ्या गाडीत गिअर-स्टिअरिंगची सवय करा.

८. निघण्याआधीची कागदपत्रं

- वाहन परवाना, आरसी, पीयूसी आणि विम्याची प्रत
- आयोजकाचा लेखी नियम आणि तुमच्या गाडीला दिलेला होकार, छापून
- रोल बारच्या पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट आणि कामाचे फोटो
- हेल्मेट व पट्ट्याच्या लेबलचे फोटो
- रक्तगट आणि घरच्या माणसाचा नंबर, एक प्रत गाडीत, एक सोबतच्या माणसाकडे

शर्यतीत उतरणार असाल तर एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) स्पर्धा लायसन्स वेगळं लागतं. नुसत्या ट्रॅक दिवसाला आयोजकाला विचारा.

विम्याबाबत गैरसमज नको. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर झालेलं नुकसान तुमच्या खिशातून जाणार हे धरूनच जा, आणि स्वतःच्या आरोग्य व अपघात विम्याच्या अटीही वाचा. घरच्यांना हे माहीत असू द्या.

९. ट्रॅकवर

सुरू करण्याआधी पायांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. ट्रेलरवर हजार किलोमीटर हादरे बसलेले असतात.

डांबर सुटतंय असं वाटलं आणि दोन चाकं बाहेर गेलीच, तर स्टिअरिंग झटक्याने आत ओढू नका. याच झटक्याने गाडी आडवी होते आणि आडवं चाक रुततं. स्टिअरिंग सरळ धरा, गाडी सरळ बाहेर जाऊ द्या, वेग उतरू द्या, मग हळू परत या. प्रशिक्षकाकडून पहिल्याच फेरीआधी हे तोंडपाठ करून घ्या.

गाडी कललीच तर हात छातीशी, हनुवटी खाली. ती पूर्ण थांबेपर्यंत पट्ट्याला हात लावू नका. उलट्या गाडीत बकल सोडलं की सगळं वजन मानेवर येतं. आग नसेल तर मार्शल येईपर्यंत थांबा. आग असेल आणि निघावंच लागलं तर पाय रोवून, एका हाताने जमिनीला रेटा देऊन, मग दुसऱ्या हाताने बकल सोडा.

घरी आल्यावर बार काढून ठेवताना वेल्डच्या कडेला रंगाला बारीक तडा दिसतो का ते टॉर्चने पाहा. तडा दिसला तर रंग खरवडून खालचं लोखंड पाहा. आणि पट्टे गाडीतच सोडू नका. भुसावळ-जळगावचा मे महिना आणि उघडं छत, त्या उन्हात पट्ट्याचा धागा मुदतीच्या कितीतरी आधी कमजोर होतो. मी ते सुती पिशवीत घालून कपाटात ठेवतो. शेजारीच ती ॲल्युमिनियमची पट्टी उभी असते. दुसऱ्या खेपेला तपासनिसाने त्याची पट्टी लावली तेव्हा हेल्मेटवर सहा सेंटीमीटर मोकळे होते, अंगणात मोजले होते तेवढेच.